पुन्हा कधी यायचं?

आप्पांची फाईल आमच्या घरात खताच्या दुकानानं दिलेल्या कापडी पिशवीत असते. सात-बाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, कारखान्याची ऊसबिलं आणि त्यांच्याच जोडीला पुण्याच्या एका हॉस्पिटलची निळी फाईल. नोव्हेंबर २०१८ मध्ये माझ्या वडिलांच्या मोठ्या आतड्याचा एक तुकडा कापून काढला. त्याआधी आठ महिने ते मूळव्याधीचं औषध घेत होते, कारण शौचातून रक्त पडलं की आमच्याकडं त्याला मूळव्याधच म्हणतात. गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, सहा महिने केमो झाली. जून २०१९ मध्ये डॉक्टरांनी फाईलच्या शेवटच्या पानावर पुढचं वेळापत्रक लिहून दिलं: दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सीईए नावाची रक्ताची चाचणी, वर्षातून एकदा सीटी स्कॅन, ऑपरेशनला एक वर्ष झालं की कोलोनोस्कोपी.

त्या पानाखालची पुढची नोंद फेब्रुवारी २०२१ ची आहे.

मधल्या वीस महिन्यांत काय झालं? आधी आप्पांना बरं वाटायला लागलं, हे पहिलं कारण. मग आडसाली उसाला तोड आली. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. मी पुण्यात एका कॉलेजात कंत्राटी तत्त्वावर इतिहास शिकवतो. पानिपतच्या लढाईची तारीख मला झोपेतही सांगता येते. वडिलांच्या कोलोनोस्कोपीची तारीख मी विसरलो.

ही गोष्ट फक्त आप्पांची असती तर मी लिहिली नसती. त्याच हिवाळ्यात, महिनाभराच्या अंतरानं, आमच्या वस्तीच्या पलीकडं राहणाऱ्या एका माणसाचं अगदी तसंच ऑपरेशन झालं. मूळचे बीडकडचे, ऊसतोडीला आले आणि पणदऱ्याच्या शिवारातच राहिले. मी त्यांना मामा म्हणायचो. वय ४२. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, एक पैसा लागला नाही. २०१९ च्या गणपतीत ते त्यांची फाईल घेऊन आमच्या ओट्यावर आले. इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणाले. "पुन्हा कधी यायचं लिहिलंय रं?"

मी वाचलं आणि सांगितलं, "तीन महिन्यांनी, मामा."

"म्हंजी ऐन सीझनात," ते म्हणाले. फाईल घडी करून निघून गेले.

हॉस्पिटलच्या भाषेत अशा रुग्णाला एक नाव आहे: लॉस्ट टू फॉलो-अप. पाठपुराव्यातून हरवलेला. मामा २०२१ च्या सप्टेंबरात गेले. आजार यकृतात उतरला होता. कावीळ झाली म्हणून ते दवाखान्यात गेले, तेव्हा कळलं. या सगळ्या काळात ते आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर राहत होते. मग हरवलं होतं कोण, आणि कोणाला?

बॉस्टनचं कार्ड

इतिहासाचा माणूस दुसरं काय करणार? मी 'फॉलो-अप' या गोष्टीचा माग काढत मागं गेलो. ही कल्पना मुळात रुग्णाच्या जबाबदारीची नव्हतीच, हे मला तिथं सापडलं.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. १८६९ चा जन्म. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी एक साधी मागणी लावून धरली. हॉस्पिटलनं प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवावं. त्यावर काय आजार होता, काय उपचार केला हे लिहावं आणि वर्षभरानं त्या माणसाला गाठून शेवटी काय झालं ते लिहावं. बरा झाला का? नसेल तर का नाही? चूक आमची, आजाराची की आणखी कशाची? याला त्यांनी 'एंड रिझल्ट', म्हणजे अंतिम निकाल, असं नाव दिलं.

साधीच गोष्ट, पण नामांकित डॉक्टरांना ती झोंबली. निकाल लिहायचा म्हणजे चुकाही लिहायच्या. १९१४ मध्ये कॉडमन त्या हॉस्पिटलमधून बाहेर पडले. १९१५ च्या जानेवारीत एका वैद्यकीय सभेत त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाच्या रूपात दाखवणारं भलंमोठं व्यंगचित्र उघडलं आणि उरलीसुरली पदंही गमावली. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलमध्ये मात्र त्यांनी हे करून दाखवलं. १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचे निकाल त्यांनी छापले आणि त्यांत १२३ चुका झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. १९४० मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या थडग्यावर दगडही नव्हता. तो बसायला २०१४ साल उजाडलं.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कॉडमनच्या पद्धतीत रुग्णाला शोधायचं काम हॉस्पिटलचं होतं. वर्षभरानं रुग्ण सापडला नाही तर ते अपयश कार्ड ठेवणाऱ्याचं. आज आपण ज्याला 'अॅडहिअरन्स', म्हणजे सांगितलेलं पाळणं, म्हणतो त्यात ओझं उलट्या खांद्यावर आलंय. रुग्णानं पाळलं नाही, असं लिहून पान उलटता येतं.

शब्दांचा इतिहास पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. क्षयरोगाचं औषध मध्येच सोडणाऱ्याला कित्येक वर्षं 'डिफॉल्टर' म्हणत. डिफॉल्टर म्हणजे थकबाकीदार. सोसायटीचं कर्ज बुडवणाऱ्यालाही आपण हेच म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये तो शब्द बदलून 'लॉस्ट टू फॉलो-अप' केला. शब्द सौम्य झाला, पण शोधायला कोण जाणार, हा प्रश्न तिथंच राहिला.

आतड्यात डोकावण्याची शंभर वर्षं

आतड्याच्या कॅन्सरचं शास्त्र पाठपुराव्यावरच उभं आहे. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमध्ये कथबर्ट ड्यूक्स या पॅथॉलॉजिस्टनं १९३२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचे ए, बी, सी असे टप्पे मांडले. गाठ आतड्याच्या भिंतीतच आहे, भिंतीबाहेर गेली आहे, की लसिकाग्रंथींपर्यंत पोचली आहे, यावर माणूस किती जगेल हे ठरतं, असं त्यांनी दाखवलं. हे दाखवता आलं, कारण ऑपरेशन झालेल्यांचं पुढं काय झालं याची नोंद कोणीतरी वर्षानुवर्षं ठेवत होतं.

१९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या गाठींमध्ये एक प्रथिन शोधलं. आप्पांच्या फाईलमधलं सीईए ते हेच. गाठ काढल्यावर खाली आलेला त्याचा आकडा पुन्हा चढायला लागला, तर आजार कुठंतरी परत आल्याची शंका घेता येते. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास टाकून पॉलिप कापून काढला. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब. आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशाच कोंबांतून, बहुधा दहा-दहा वर्षं घेऊन वाढतात. आता पोट न फाडता तो खुडता येऊ लागला.

त्यामुळं या आजारात पाठपुराव्याला दोन कामं आहेत. आजार परतला तर लवकर पकडायचा. परतणारा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, आणि यकृतात थोडकाच असला तर तो भाग कापून काही जण पूर्ण बरेही होतात. दुसरं काम म्हणजे उरलेल्या आतड्यात नवा कोंब आलाय का हे पाहणं.

आप्पांची उशिरा झालेली कोलोनोस्कोपी आठवते. एक कोंब निघाला, तिथंच काढला, तपासणीत कॅन्सर आला नाही. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर केला नाहीत ते बरं." त्यांचं बोलणं आप्पांशी होतं, नजर माझ्याकडं.

बार्शीची माणसं

महाराष्ट्रात कॉडमनचं कार्ड कुठं पोचलं?

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकारानं १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी उभी राहिली आणि तिनं १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणीचे कर्मचारी स्वतः हॉस्पिटलं, लॅबोरेटऱ्या आणि महापालिकेचे मृत्युदाखले धुंडाळत फिरायचे. शहरात हे जमत होतं. गावांचं काय?

गावांचं उत्तर १९८७ मध्ये बार्शीत सापडलं. पणदऱ्याहून पूर्वेला इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी ओलांडलं की बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. बी. एम. नेने आणि कस्तुरी जयंत यांच्या कामातून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. तिथल्या गावांत ना पॅथॉलॉजी लॅब होती, ना मृत्युदाखल्यावर मरणाचं खरं कारण. मुंबईची पद्धत तिथं चालणारच नव्हती. मग नोंदणीची माणसं गावोगाव गेली. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवकांना भेटली, चावडीवर आणि देवळात बसून लक्षणं सांगितली, संशयित रुग्णांना हॉस्पिटलात आणलं, आणि उपचारानंतर माणूस कसा आहे हे पाहायला पुन्हा त्याच्या दारात गेली.

मोजायला गेलेल्या या माणसांमुळं आजारच लवकर सापडू लागला. बार्शी भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका काही वर्षांतच आधीच्या टप्प्यांवर येऊ लागल्या, हे १९९५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय कर्करोगविषयक नियतकालिकात छापून आलं. १९९८ मध्ये विकसनशील देशांतले कॅन्सरचे रुग्ण किती जगतात यावर आंतरराष्ट्रीय ग्रंथ निघाला, तेव्हा मुंबई, चेन्नई, बेंगळुरूच्या पंगतीत बार्शीचे आकडे होते.

मग १९९९ मध्ये याच माणसांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास सुरू केला. ५२ गटांत विभागलेली गावं आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली आणि ज्या बायकांत दोष निघाला त्यांना बोलावून उपचार केले. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच झालेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले. तपासणी न झालेल्या त्या ३१ हजार बायकांवरून पुढं नैतिकतेचा वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण ज्यांना जगाच्या भाषेत 'न पाळणारे' म्हटलं जातं, अशाच खेड्यांतून हा निकाल आला, हेही खरं. कोणीतरी दारात गेलं, की माणसं येतात.

आतड्याच्या कॅन्सरच्या वाट्याला मात्र असं कोणी आलं नाही. कारण आहे. भारतात तो पाश्चात्त्य देशांच्या मानानं बराच कमी आढळतो. म्हणून २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात तिशीपुढच्या सर्वांच्या तपासणीसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर घेतले. सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी करणं आपल्याकडं शहाणपणाचं नाही, हे मलाही पटतं. पण ज्याला आजार होऊन गेलाय त्याचं काय? तो कोणत्याच यादीत नाही. शिवाय आपल्याकडं हा आजार तरुणांना धरतो. टाटा मेमोरियलमध्ये २०१३-१४ च्या एका वर्षात आलेल्या ८०० नव्या रुग्णांचा आढावा निघाला, त्यात सरासरी वय ४७ होतं. ४७ म्हणजे पोरांची लग्नं व्हायची असतात आणि डोक्यावर कर्ज असतं.

कोण परत येतं?

अमेरिकेत या विषयावर ढीगभर अभ्यास आहेत. ऑपरेशननंतर सांगितलेल्या तपासण्या कोण करतं, कोण नाही? गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत, विमा नसलेल्यांत, म्हाताऱ्यांत त्या कमी होतात, असं पुन्हा पुन्हा दिसलंय. पणदऱ्यात कोणी असा अभ्यास केलेला नाही. पण माझ्यासमोर दोन फाईली होत्या.

आप्पांची कोलोनोस्कोपी पुण्यात, सकाळी लवकर. आतडं पूर्ण रिकामं लागतं. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ, संध्याकाळपासून दोन-तीन लिटर औषधाचं पाणी प्यायचं आणि रात्रभर संडासच्या वाऱ्या. हे पिऊन नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट असा शंभरेक किलोमीटरचा एसटीचा प्रवास करून दाखवा. आप्पा आदल्या दिवशीच हडपसरला माझ्या मावसभावाकडं गेले. एका संडासाच्या घरात तो बिचारा रात्रभर शेजाऱ्यांकडं जात होता. आम्हाला मावसभाऊ होता. मामा कोपीत राहायचे. तिथं संडासच नव्हता. रात्रभर ते कुठं जाणार होते, उसात?

दुसरी गोष्ट दिवसाची. टोळीनं मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण दवाखान्यात गेला की अख्ख्या कोयत्याचा खाडा, आणि खाड्याचा दंड हिशोबात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत हेच. 'दर तीन महिन्यांनी' या तीन शब्दांत वर्षाचा अर्धा भाग असा आहे, की ज्यात त्यांना दवाखाना बंदच असतो.

तिसरी गोष्ट योजनेची. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढं राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा फुलेंच्या नावानं चालते. तिनं मामांचं ऑपरेशन केलं, हे उपकार मी नाकारत नाही. योजनेच्या ९७१ उपचारांच्या यादीला १२१ पाठपुरावा पॅकेजेसही जोडलेली होती. पण त्यांतलं आपल्याला काय लागू आहे, हे मामांना कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या तालुक्यात कॅन्सरमधून उठलेला माणूस म्हटलं की पहिलं नाव शरद पवारांचं निघतं. २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यानंतरही ते राज्यभर फिरत राहिले. मामांना धीर द्यायला सगळे हेच उदाहरण द्यायचे. ऑपरेशननंतरच्या तपासण्यांबद्दल त्या गप्पांत कधी कोणी बोललं नाही. आजार कापून काढला की संपला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

चिटबॉयची वही

संशोधनातली एक गोष्ट मात्र मला दिलासा देणारी वाटली. ब्रिटनमध्ये १,२०२ रुग्णांचा एक अभ्यास २०१४ मध्ये छापला गेला. नियमित सीईए किंवा सीटी केलेल्यांत परतलेला आजार बरा होण्याच्या आशेनं ऑपरेशन करण्याजोगा जास्त सापडला, साडेसहा-आठ टक्क्यांत. कमीत कमी तपासण्यांच्या गटात हे प्रमाण २.३ टक्के होतं. पण सीईए आणि सीटी दोन्ही केल्यानं आणखी फायदा झाला नाही, आणि एकूण मृत्यूंत ठळक फरकही दिसला नाही. २०१८ मध्ये स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेतल्या अडीच हजार रुग्णांचा अभ्यास आला. तीन वर्षांत पाचदा तपासा की दोनदा, पाच वर्षांनंतरच्या मृत्यूंत फरक पडला नाही.

याचा अर्थ तपासण्या नकोत असा नाही. दोन्ही अभ्यासांत कमी तपासण्यांच्या गटाकडंही कोणाचं तरी लक्ष होतं. याचा अर्थ मी असा घेतो: भरमसाट तपासण्या लागत नाहीत. थोड्याच लागतात, पण त्या चुकू नयेत. सीईएसाठी रक्त बारामतीत देता येतं. नेमक्या किती आणि कधी, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरनं ठरवायचं. पण जिथं पाच वेळा जमणार नाही तिथं सीझन सोडून दोन तारखा पक्क्या धरता येतील का, हा प्रश्न मामांच्या फाईलवर कोणीतरी विचारायला हवा होता.

आणि तारखा सांभाळणं आम्हाला येत नाही असं कोणी म्हणू नये. माळेगाव कारखान्याच्या भागात ऊस लावला की चिटबॉय येतो. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख लिहून घेतो. त्या तारखेवरून पुढं तोडीचा क्रम लागतो आणि टोळी बांधावर येते. शेतकऱ्याला आठवण नसली तरी कारखान्याला असते, कारण ऊस वेळेवर तुटला नाही तर उतारा घटतो. सोसायटीलाही प्रत्येक थकबाकीदार तोंडपाठ असतो. कॉडमनचं कार्ड आमच्या गावात आहे. फक्त ते उसाचं आहे आणि कर्जाचं आहे. पणदऱ्यातच प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशाताई दारोदार फिरतात, लहान पोरांच्या लशींच्या तारखा त्यांच्या वहीत असतात. कॅन्सरमधून उठलेल्या माणसांची दोन-चार नावं त्याच वहीत आली, तर ती वही फार जड होणार नाही.

आता माझ्याबद्दल. आई-वडिलांपैकी कोणाला हा आजार झाला असेल तर मुलांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा आई-वडिलांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी असं सांगतात. आप्पांना ५२ व्या वर्षी झाला. म्हणून माझी पाळी चाळिशीत, २०३२ मध्ये.

मामांना ४२ व्या वर्षी झाला. म्हणून त्यांच्या पोराची पाळी ३२ व्या वर्षी. तो आता टोळीबरोबर कर्नाटकातल्या एका कारखान्यावर आहे. येत्या एप्रिलमध्ये ३२ चा होईल. मी दिवाळीत त्याचा नंबर शोधला. जुना बंद होता. नवा मिळायला तीन फोन लागले.

सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "दादा, पुन्हा कधी यायचं असतं त्यात?"

म्हटलं, "पहिली तर होऊ दे. पट्टा कधी पडतोय?"

"एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात."

आप्पांची पुढची कोलोनोस्कोपीही आम्ही एप्रिलमध्येच घेतली आहे. आदल्या रात्री दोघंही पुण्यात माझ्या खोलीवर राहतील. संडास एकच आहे, पण शेजारी चांगले आहेत. तारीख मी फोनमध्ये टाकली, आणि कारखान्याच्या कॅलेंडरवर, लागणीच्या तारखेशेजारी, पेनानंही लिहून ठेवली.